क्रोमवर मारलेला रंग दर पावसाळ्यात सोलतोय? आधी पोपडा उलटा करून बघा

पिकअपची पुढची जाळी, बंपर, आरशांची कव्हरं, दरवाजाची हँडलं यांच्यावरचं क्रोम काळं करून घ्यायची हौस आता गावोगावी आहे. दिवाळीनंतर रंग मारला जातो, शिमग्यापर्यंत गाडी झकास दिसते, आणि मृगाचा पाऊस पडून गेला की जाळीच्या कडा पांढऱ्या दिसायला लागतात. गणपतीच्या आधी वॉशिंग सेंटरला नेली की प्रेशरच्या पाण्याबरोबर वीतभर पट्टा निघून जातो. मग पुन्हा नवा कॅन, पुन्हा दोन हात, आणि पुढच्या पावसात पुन्हा तेच. दुकानदार म्हणतो, रंग हलका होता, भारीतला घ्या. भारीतलाही सोलतो.

सोलतो, कारण दोष बहुतेक वेळा रंगात नसतोच. तो रंगाखाली असतो, आणि नेमका कुठे आहे हे सुटलेला तुकडा सांगतो. म्हणून तो तुकडा फेकू नका आणि लगेच दुसरा हात मारायलाही बसू नका. नखाने एखादी सुटलेली कड उचला, बोटाएवढा पोपडा काढा आणि उन्हात धरून त्याची मागची बाजू बघा. मग गाडीवर ती जागा बघा.

पोपडा काय सांगतो

पोपड्याची मागची बाजू काचेसारखी गुळगुळीत आणि गाडीवर खाली क्रोम नव्यासारखं लखलखीत: रंगाला पकड मिळालीच नव्हती. घासणं झालं नाही, किंवा नावापुरतं झालं. बऱ्याच तक्रारींचा शोध इथेच संपतो.

क्रोम घासून निस्तेज झालेलं आहे, तरी प्रायमरसकट (रंगाखालच्या पहिल्या थरासकट) पापुद्रा आलाय: घासणं ठीक होतं, मधे काहीतरी राहिलं. सुटलेल्या जागेचा आकार बघा. गोल ठिपके असतील तर सिलिकॉन किंवा मेण, लांबट फराटे असतील तर तेलकट फडकं, आणि हाताने धरायच्या जागीच सुटलं असेल तर घामाची बोटं.

पोपडा नुसता काळा, गाडीवर प्रायमर शाबूत: प्रायमर आणि रंग यांच्यात बिनसलं. प्रायमर मारून पंधरवडाभर तसाच ठेवला आणि न घासता रंग मारला की हे हमखास होतं.

फोड, आणि फोडला की आत तांबूस भुकटी: खालचं लोखंड गंजतंय. फोडातून स्वच्छ पाणी आलं तर रंगाखाली मीठ राहिलंय.

पोपड्याच्या मागे चंदेरी चकाकीच चिकटून आली आणि खाली काळं किंवा पांढरं प्लास्टिक उघडं पडलं: इथे रंग बिचारा चिकटलेलाच आहे, क्रोमनेच प्लास्टिकची साथ सोडली. अशा भागावर कितीही चांगला रंग मारा, तो क्रोमसकट निघणार. सुटं क्रोम सगळं खरवडून काढता येत असेल तर ठीक, नाहीतर नवा भाग घ्या. बाहेरून चिकटवायच्या स्वस्त क्रोम पट्ट्यांमध्ये प्लास्टिकवर नुसती चकचकीत फिल्म असते. त्यांच्यावर मेहनत घेऊ नका, केसांच्या ड्रायरने डबल टेप गरम करा आणि मासेमारीच्या तंगुसाने मागून कापून काढून टाका. अशा पट्टीखाली पाणी आणि माती साचून गाडीचा मूळ रंग फुगलेला सापडला तर आश्चर्य नको.

क्रोमला रंग का धरत नाही

शोभेच्या क्रोममध्ये क्रोमियमचा थर मायक्रॉनचा काही दशांशच जाड असतो. चकाकी आणि गंजापासूनचं संरक्षण खरं तर त्याच्याखालच्या निकेलमुळे असतं, तो थर साधारण १० ते ३० मायक्रॉनचा. प्लास्टिकच्या जाळीत निकेलखाली तांबंही असतं. क्रोमियमवर हवेत आपोआप ऑक्साइडचं अतिशय घट्ट आवरण तयार होतं. ते गुळगुळीत असतं, शोषून काही घेत नाही आणि सहसा कशाशी रासायनिक नातंही जोडत नाही. लाकडावर किंवा जुन्या रंगावर रंग मुरायला जागा असते, इथे ती आपण ओरखडे पाडूनच करून द्यावी लागते.

म्हणूनच ‘एच प्रायमर (इंग्रजीत etch, धातू आम्लाने किंचित खाऊन पकड घेणारा) मारला की घासायची गरज नाही’ हा सल्ला सोडून द्या. एच प्रायमरमधलं फॉस्फोरिक आम्ल उघड्या लोखंडावर आणि ॲल्युमिनियमवर चांगलं काम करतं, क्रोमला ते फारसं काही करू शकत नाही. क्रोमसाठी दोन भागांचा म्हणजे टू-के इपॉक्सी प्रायमर घ्या. आणि एच प्रायमर मारून त्यावर इपॉक्सी मारायचा विचार असेल तर डब्यावरची सूचना आधी वाचा, बरेच उत्पादक त्याला मनाई करतात. आम्लाचा अंश राहिला तर इपॉक्सी नीट पिकत नाही.

रंगवायची वस्तू मुळात क्रोमची आहे का?

फ्रिजवरचं चुंबक घ्या. गच्च चिकटलं आणि वस्तू जड असेल तर बहुधा लोखंडावर क्रोम आहे. जुन्या गाड्यांचे बंपर, मागची पायरी, बाहेरून बसवलेले पाइप हे यात येतात. चिकटलं नाही, वाजवलं तर बद्द आवाज आला, तर प्लास्टिक. हल्लीच्या जाळ्या, हँडलं आणि आरशांची कव्हरं बहुतेक एबीएस प्लास्टिकची असतात. काचेखालची चमकदार पट्टी मात्र अनेकदा स्टेनलेस स्टील किंवा ॲल्युमिनियमची निघते. तिच्यावर क्रोमचा थरच नसतो, त्यामुळे तिचं काम सोपं. नुसत्या चुंबकावर विसंबू नका, काही स्टेनलेसलाही चुंबक चिकटतं. वस्तू काढून मागची बाजू बघितली की उलगडा होतो.

हे ओळखणं महत्त्वाचं आहे ते साफसफाईच्या रसायनामुळे. एनसी थिनर किंवा ॲसिटोन लोखंडावर चालतं, एबीएसवर नाही. घासताना जिथे प्लास्टिक उघडं पडलं असेल तिथे थिनरचं फडकं फिरवलं की पृष्ठभाग मऊ पडतो, चिकट होतो, आणि पुढचा सगळा खेळ त्या चिकट थरावर उभा राहतो.

समोर क्रोमचा मोठा गार्ड लावलेला असेल तर त्याला रंग मारण्यात पैसे घालूच नका. केंद्रीय रस्ते वाहतूक मंत्रालयाने डिसेंबर २०१७ मध्येच राज्यांना अशा क्रॅश गार्डवर कारवाई करायला सांगितलं आहे. पायी चालणाऱ्याला तो घातक, आणि धडकेत एअरबॅगच्या सेन्सरचं गणितही बिघडवतो.

घासणं: इथेच काम जमतं किंवा फसतं

भाग गाडीवरून काढूनच घासा. जागेवर मास्किंग टेप लावून रंगवलेल्या जाळीचा पोपडा नेहमी टेपच्या रेषेपासून सुटतो, कारण तिथे रंगाची कड उघडी राहते आणि पाणी आत शिरायला वाट मिळते. प्लास्टिकचे क्लिप थंडीत तुटतात, तेव्हा गाडी थोडा वेळ उन्हात ठेवून मग काढा.

घासायच्या आधी धुणं आणि तेल काढणं, नंतर नाही. हा क्रम उलटा झाला तर टायर पॉलिशमधलं सिलिकॉन आणि मेण ओरखड्यांमध्ये दाबलं जातं, आणि मग ते बाहेर काढणं महाकठीण. साबणाने धुवा, सुकवा, मग आयसोप्रोपिल अल्कोहोल किंवा रंगाच्या दुकानात मिळणारं मेण-ग्रीस काढायचं द्रावण वापरा. एका फडक्याने ओलं पुसायचं आणि ते सुकायच्या आत दुसऱ्या कोरड्या फडक्याने उचलून घ्यायचं. एकाच फडक्याने फिरवत राहिलात तर तेल नुसतं जागा बदलतं. रॉकेल आणि डिझेल नको, दोन्ही मागे तेलकट साय ठेवतात.

मग वॉटर पेपर. सपाट भागाला ३२० नंबर पाण्यात भिजवून, त्यानंतर ४००. याहून बारीक कागदाने क्रोमला पॉलिश होतं, पकड मिळत नाही. घासत असताना रंगांकडे लक्ष ठेवा. क्रोमियम निळसर पांढरं असतं. ते गेलं की किंचित पिवळट झाक दिसते, ते निकेल. त्याहून खाली तांबूस दिसलं तर तांबं. आणि त्याच्याही खाली प्लास्टिक किंवा लोखंड. निकेलपर्यंत, म्हणजे पिवळट झाक येईपर्यंत घासलं तर उत्तमच, पण तसं सगळीकडे करायची गरज नाही. गरज आहे ती चकाकी पूर्ण मरण्याची. भाग सुकवून बल्बखाली तिरका फिरवा. जिथे बल्बचं प्रतिबिंब अजून टोकदार दिसतंय तिथे रंग सोलणार, असं समजून खडूने खूण करा आणि पुन्हा घासा.

जाळीत फसतं ते कोपऱ्यांत. सपाट पट्ट्या सगळेच मन लावून घासतात. मधमाशीच्या पोळ्यासारख्या भोकांच्या आतल्या कडा आणि पट्टीची खालची धार मात्र तशीच राहते, आणि पाणी नेमकं त्या धारेवर लोंबकळत थांबतं. भांडी घासायची हिरवी घासणी नवी कोरी आणा, वापरलेली नको, आणि तिचे बोटभर तुकडे करून जुन्या टूथब्रशच्या दांड्याला गुंडाळा. हे कंटाळवाणं काम आहे आणि एका जाळीला अख्खी दुपार जाते. ज्यांना एवढा धीर नाही त्यांच्यासाठी शेवटी रॅपचा, म्हणजे रंगाऐवजी विनाइलची फिल्म चिकटवायचा, पर्याय सांगितलाय.

पाण्यातच घासा, कोरडं नको. निकेलची धूळ कातडीला खाज आणते, छातीत तर ती जायलाच नको. हातमोजे आणि मास्क लावा. क्रोम काढायला फिनेलच्या दुकानातलं ॲसिड ओतण्याचा उद्योग घरी मुळीच करू नका, त्यातून तयार होणारं क्रोमियम-निकेलचं पाणी विषारी असतं आणि ते शेवटी तुमच्याच परसात मुरतं.

शेवटचं धुणं कसलं पाणी वापरून करता याला किनाऱ्यावर फार महत्त्व आहे. रत्नागिरी-मालवण पट्ट्यात खाडीजवळच्या विहिरींचं पाणी मचूळ असतं. ते सुकलं की ओरखड्यांत मिठाचे कण उरतात. रंग पूर्ण जलरोधक कधीच नसतो. ते मीठ रंगातून ओलावा आत ओढून घेतं आणि जुलैत पाण्याचे फोड येतात. बॅटरीत घालायचं डिस्टिल्ड पाणी आणा, लिटरभर पुरतं, आणि त्याने शेवटचं खळखळून घ्या. याच वेळी एक तपासही होतो. पाणी सलग पडद्यासारखं पसरलं तर भाग स्वच्छ आहे, कुठे थेंब गोळा होऊन बाजूला पळाले तर तिथे अजून तेल आहे. यानंतर भागाला उघडं बोट लागता कामा नये.

गंजलेला लोखंडी बंपर

रत्नागिरीच्या मिरकरवाड्याच्या धक्क्यावर उभ्या असलेल्या मासळीच्या गाड्या एकदा मागून बघा. बर्फाचं खारं पाणी हौद्यातून दिवसभर ठिबकत असतं, आणि क्रोमवर टाचणीच्या टोकाएवढे तांबडे ठिपके दिसतात. वरून ठिपका बारीक, आत गंज पसरलेला. कारण क्रोम-निकेल आणि लोखंड ओलाव्यात एकत्र आले की झिजतं ते लोखंड. वरचा थर शाबूत राहतो आणि खाली पोखरत जातं. ठिपक्यावर रंग मारणं म्हणजे गंजाला पांघरूण घालणं.

तिथे ८० नंबरच्या कागदाने किंवा तारेच्या ब्रशने चमकदार लोखंड दिसेपर्यंत उकरा. भोवतीचं क्रोम उचललं जातंय का ते पातळ पातीने तपासा. उचललं जातंय तिथपर्यंत काढत जा, मग १८० आणि ३२० ने कड अशी उतरती करा की बोट फिरवल्यावर पायरी लागू नये. उघडं लोखंड दमट हवेत काही तासांत तांबूस पडतं, त्यामुळे त्याच दिवशी इपॉक्सी मारा. खड्डे भरायची लांबी (पुटी) थेट क्रोमवर भरू नका, ती पत्र्यासारखी उडते. आधी इपॉक्सी, तो घासून मग लांबी, आणि तिच्यावर पुन्हा प्रायमर. गंज मारायचं रसायन वापरलं असेल तर ते पूर्ण धुऊन काढा, एच प्रायमरचीच तक्रार इथेही लागू आहे.

हवा, ऊन आणि घाई

रंग मारल्यावर पांढुरकी धुकट झाक आली तर हवेत दमटपणा जास्त होता. थिनर उडताना पृष्ठभाग गार होतो आणि हवेतली वाफ त्यावर बसते. आर्द्रता ८५ टक्क्यांवर असेल तेव्हा दवबिंदू हवेच्या तापमानाच्या जेमतेम अडीच-तीन अंश खाली असतो, म्हणजे रात्री गार झालेल्या बंपरवर डोळ्यांना न दिसणारं दव असू शकतं. कोकणात नोव्हेंबर ते फेब्रुवारी, सकाळी ऊन चांगलं वर आल्यानंतरची वेळ धरा आणि दुपार कलायच्या आत उरका. विदर्भात अडचण उलटी. एप्रिल-मेच्या दुपारी पत्रा इतका तापतो की रंग पोचायच्या आतच वाळतो आणि हात फिरवला तर खरखरीत भुकटी लागते. पृष्ठभागावर तळहात आरामात टेकवता आला पाहिजे.

हात पातळ मारा, २० ते २५ सेंटीमीटरवरून, दोन हातांमध्ये १०-१५ मिनिटं जाऊ द्या. जाड हात मारला की वरची साय वाळते आणि थिनर आत कोंडतो. आठवड्यानेही नख रुतत असेल तर हेच झालेलं असतं. सुरकुत्या पडल्या तर चुकीच्या वेळी वरचा हात मारला गेला. एनॅमलच्या अनेक कॅनवर बारीक अक्षरांत लिहिलेलं असतं की पुढचा हात तासाभरात मारा, नाहीतर दिवस-दोन दिवस थांबा. मधल्या वेळेत अर्धवट पिकलेल्या थराला नवा थिनर फुगवतो. इपॉक्सीचंही तसंच, डब्यावर दिलेली मुदत उलटली असेल तर ४०० ने पुसटसा घासून मगच रंग मारा. जिथे प्लास्टिक उघडं पडलंय तिथे प्रायमरआधी प्लास्टिकसाठीचं ॲडहेजन प्रमोटर (प्रायमरला पकड देणारं द्रावण) पातळसं मारायला विसरू नका.

संपूर्ण भाग रंगवण्याआधी मागच्या कोपऱ्यात प्रायमर आणि रंग मारून, पूर्ण पिकू देऊन, ब्लेडने दीड-दोन मिलीमीटरच्या अंतरावर सहा उभ्या आणि सहा आडव्या रेघा पाडा. पंचवीस चौकोन होतात. त्यावर चिकटपट्टी घट्ट दाबून झटक्यात ओढा. एखाद्या चौकोनाचा कोपरा निघाला तर चालेल. अख्खे चौकोन पट्टीवर आले तर पुढे जाऊ नका, पुन्हा त्या चौकोनांची मागची बाजू बघा आणि वरच्या यादीत कारण शोधा.

क्लिअरबद्दल, म्हणजे रंगावरच्या पारदर्शक थराबद्दल, माझं मत थोडं कडक आहे. मॅट काळा हवा असेल तर क्लिअरच्या फंदात पडू नका. चकचकीत काळा टिकवायचा असेल तर टू-के क्लिअर लागतो, साध्या कॅनमधला क्लिअर पेट्रोलच्या फडक्यानेही मऊ पडतो. पण टू-के क्लिअरच्या हार्डनरमध्ये (थर कडक करणाऱ्या दुसऱ्या भागात) आयसोसायनेट असतं. त्याने कायमचा दमा जडू शकतो आणि कापडी किंवा सर्जिकल मास्क त्याला अडवत नाही. घराच्या पडवीत, पोरंबाळं आजूबाजूला असताना ते मारायचं नाही. घासणं आणि प्रायमर घरी करा, क्लिअर मारायला भाग काढलेलाच घेऊन बूथ असलेल्या पेंटरकडे द्या. इपॉक्सीच्या हार्डनरमध्ये सहसा आयसोसायनेट नसतं, तरी तो मारतानाही रसायनाच्या वाफा अडवणारा कार्ट्रिजचा मास्क हवाच.

घासायचंच नसेल तर

विनाइल रॅप क्रोमवर उलट चांगला बसतो, कारण त्याला गुळगुळीत आणि स्वच्छ पृष्ठभागच हवा असतो. हँडल, आरशाची कव्हरं, रुंद सरळ पट्ट्या यांना रॅप रंगापेक्षा सोयीचा, आणि गाडी विकताना सोलून काढता येतो. बारीक भोकांच्या जाळीला तो जमत नाही, तिथे कडा सुटतात. जाळीला सोलून काढता येणारा रबरी स्प्रे चालतो. त्याचे जाड चार-पाच हात लागतात, पातळ मारला तर सोलताना तुकडे तुकडे होतात.

रंगवलेला भाग बसवल्यावर आठवडाभर नुसत्या पाण्याने, मऊ फडक्याने पुसा. प्रेशर गन महिनाभर लांब ठेवा, आणि त्यानंतरही नळी कडेवर तिरकी धरू नका. खडीच्या रस्त्यावर चालणाऱ्या पिकअपच्या जाळीला दगड लागणारच. टवका उडाला की त्या आठवड्यातच ती जागा ४०० ने घासा, अल्कोहोलने पुसा, आणि बारीक ब्रशने आधी प्रायमर, मग रंगाचा ठिपका लावा.